धारण तलावात पाणी सोडलं, पण दिसतोय नुसता चिखल: पुढे काय होणार?

प्रश्न थोडक्यात असा: शहरात नदीकाठी नवा धारण तलाव (पुराचं पाणी अडवून ठेवून सावकाश सोडणारा) आणि त्याला जोडून पाणथळ तयार झाली आहे. मधला मातीचा बांध कापून नदीचं पाणी आत घेतलं, समारंभ झाला, लोकांसाठी लाकडी पायवाट उघडली. फलकावरच्या चित्रात कमळं आणि बगळे आहेत; प्रत्यक्षात चिखल, खोचलेल्या काड्या आणि मधोमध गुडघाभर पाणी. एवढा खर्च करून हेच का? मोठ्या पावसात याचा उपयोग होईल का? डास वाढतील का? आणि ‘निसर्गासाठी खुला केला’ म्हणजे नेमकं काय होणार?

चिखल दिसतोय ते चांगलंच आहे. मोठ्या पावसाचा हंगाम तोंडावर असताना हा तलाव काठोकाठ भरलेला दिसला असता, तर मी काळजीत पडले असते.

माझं काम पाण्याच्या बाजूचं: किती येणार, कुठून येणार, किती वेळात बाहेर जाणार. झाडं-पक्षी-किडे बघणारे सहकारी शेजारच्या टेबलावर असतात, आणि अशा प्रत्येक कामात आमचं एकदा तरी वाजतंच. भांडणाचं कारण ठरलेलं. पूर अडवायचा तर जागा रिकामी हवी, पाणथळ जगवायची तर तीच जागा ओली हवी. दोन्ही एकाच खड्ड्यात बसवता येतं, पण ते झाडं लावून साधत नाही. पाण्याच्या पातळ्या नीट ठरवून आणि ठरवलेल्या पाळून साधतं. तुमच्या तलावाचं पुढे काय होणार हे पायवाटेवरून दिसणाऱ्या भागात ठरणार नाही. ते ठरेल पाणी बाहेर जातं तिथल्या काँक्रीटच्या चौकोनी हौदात. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तुम्ही जाऊन बघा.

आधी आकडेमोड करू, कारण त्याशिवाय ‘उपयोग होईल का’ याला काही अर्थ नाही. एक चौरस किलोमीटर शहरी वस्तीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झालं 1 लाख घनमीटर. डांबर, काँक्रीट आणि छपरं जास्त असतील तर त्यातलं 70 ते 80 टक्के पाणी न जिरता वाहून येतं. म्हणजे साधारण 75,000 घनमीटर. आता समजा तलाव 5 हेक्टरचा आहे आणि नेहमीच्या पाण्यापासून सांडव्यापर्यंत दीड मीटर उंची मोकळी आहे. ही मोकळी जागाही 75,000 घनमीटरच भरते. (काठ उतरते असल्यामुळे खरा आकडा थोडा वेगळा येईल, पण अंदाजाला पुरे.) हिशेब जमला.

मग कुणीतरी म्हणतं की पाणी जरा जास्त असतं तर छान दिसलं असतं, बोटी सोडता आल्या असत्या. पाणी अर्धा मीटर वर ठेवलं की 25,000 घनमीटर जागा गेली, म्हणजे पुराची एक तृतीयांश साठवण गेली. दिसायला काहीच बिघडलेलं नसतं, उलट तलाव जास्त सुंदर दिसतो. बिघाड कळतो तो मोठ्या पावसाच्या रात्री, आणि तोही खालच्या वस्तीला.

हे पाणी वर ठेवणं किती सोपं असतं ते सांगते. बाहेर जाण्याच्या हौदात समोरासमोर दोन उभ्या खाचा असतात आणि त्यांत आडव्या फळ्या सरकवलेल्या असतात. एक फळी काढली की पातळी वीतभर खाली, एक घातली की वीतभर वर. कुलूप असलं तर असलं. एका ठिकाणी पाहुणे यायच्या आठवड्यात पाणी ‘भरलेलं दिसावं’ म्हणून फळ्या वाढवल्या आणि पाहुणे गेल्यावर काढायचं राहून गेलं. महिन्याभराने आमच्या माणसाला पातळीच्या पट्टीवर आकडा वेगळा दिसला, म्हणून ते उघडकीला आलं. तोवर पाणथळीच्या उथळ कडेला लावलेली कोवळी रोपं बुडून कुजली होती. पाणी जास्त ठेवल्याचा तोटा पुराच्या बाजूला झालाच असता. इथे तो आधी झाडांना झाला. जास्त पाणी म्हणजे जास्त निसर्ग, ही समजूत फार चिवट आहे.

हौदाच्या भिंतीत तळाशी एक भोक दिसेल, पुढे लोखंडी जाळी. पुराचं पाणी मुख्यतः त्यातूनच बाहेर पडतं. भोक मुद्दाम लहान ठेवलेलं असतं. त्यातून किती पाणी जाईल हे वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं: उंची चौपट झाली तरी प्रवाह दुप्पटच होतो. म्हणून तलाव झरझर भरत असताना खालच्या नाल्यात पाणी मात्र बेताबेताने वाढतं. सगळ्या व्यवस्थेचं मर्म हेच आहे. तलाव पाणी नाहीसं करत नाही, उशिरा सोडतो. आणि त्या जाळीला प्लॅस्टिक आणि फांद्या चिकटून भोक अर्धं बंद झालं की सगळं गणित चुकतं. पावसाळ्यात ती जाळी कोण साफ करतं, किती दिवसांनी करतं आणि रात्री-अपरात्री तिथे पोचायला वाट आहे का, हे तीन प्रश्न तलाव सांभाळणाऱ्यांना विचारा. उत्तर पटकन आलं तर समजा की काम चालू आहे.

आत येणाऱ्या बाजूलाही एक पातळी आहे. तलाव नदीच्या पात्रातच असेल तर नदीचं सगळं पाणी त्यातून जातं. पण शहरांत बहुधा तो बाजूला असतो आणि नदी ठरावीक उंचीला पोचली की आडव्या सांडव्यावरून पाणी आत ओसंडतं. हा सांडवा ठेंगणा बांधला तर पुराचं सुरुवातीचं, निरुपद्रवी पाणीच तलाव भरून टाकतं, आणि खरा लोंढा येतो तेव्हा जागा शिल्लक नसते. उंच बांधला तर लोंढा बाजूने निघून जातो आणि तलाव कोरडाच. नेमका लोंढ्याचा माथा छाटला जावा अशी ती उंची असते. म्हणून ‘मोठा पाऊस झाला तरी तलावात काही आलं नाही’ अशी तक्रार आली की मी आधी नदीची पातळी बघते. बरेचदा नदी तेवढी चढलेलीच नसते आणि तलाव मोकळा राहिला हेच बरोबर असतं.

हे चालतं का, तर चालतं. जपानमध्ये योकोहामा शहरात त्सुरुमी नदीकाठी 2003 पासून 39 लाख घनमीटर क्षमतेचं असं पूरक्षेत्र आहे, आणि तिथलं मोठं स्टेडियम त्याच्या आतच खांबांवर उभं आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये हागिबिस वादळाच्या पावसात त्या क्षेत्राने सुमारे 9.4 लाख घनमीटर पाणी पोटात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्टेडियमवर रग्बी विश्वचषकाचा सामना झाला. मला स्वतःला अमेरिकेतल्या चार्ल्स नदीचं उदाहरण जास्त आवडतं, कारण तिथे जवळजवळ काहीच बांधलं नाही. बॉस्टनच्या वरच्या भागात धरण आणि भिंती बांधण्याऐवजी तिथल्या लष्करी अभियंता दलाने नदीकाठच्या पाणथळीच तशाच राखायच्या ठरवल्या, आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1983 पर्यंत 8,000 एकरांहून जास्त जागा विकत घेऊन किंवा तिच्यावरचे हक्क घेऊन ठेवली. पाणथळ पूर पसरवते आणि सावकाश सोडते, हे गणिताने दाखवून मग पैसे खर्च केले गेले. शहराच्या आत मात्र अशी जागा उरलेली नसते. म्हणून आपण ती खणून करतो.

आता निसर्गाकडे वळू. खणून केलेली पाणथळ पहिल्या वर्षी कुरूप दिसते, यात काही चुकलेलं नाही. तुम्हाला ज्या काड्या दिसतात ती बहुतेक लव्हाळ्याची आणि इतर पाणवनस्पतींची रोपं असतील. जमिनीखाली त्यांची मुळं पसरत असतात आणि वर काही दिसत नाही. पहिल्या हंगामात पाणी मुद्दाम कमी ठेवतात. मोठ्या झाडोऱ्याला पुराचं दोन-चार दिवसांचं बुडणं सहज सोसतं, पण वीतभर रोपाचं टोकही पाण्याखाली गेलं आणि आठवडाभर तसंच राहिलं, तर ते गेलंच म्हणून समजा.

शिवाय लावलेल्या रोपांवरच सगळं अवलंबून नसतं. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये डॉन नदीचं मुख बंदराच्या जुन्या भरावातून नव्याने खणत होते, तेव्हा 2021 मध्ये उघड्या पडलेल्या मातीत आपोआप पाणवनस्पती उगवल्या. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिथली दलदल भराव टाकून बुजवली होती. तिचं बी त्या थरात तेवढा काळ पडून होतं. तुमची जागा पूर्वी ओली असेल तर असं काही तुमच्याकडेही होऊ शकतं. म्हणूनच आमचे वनस्पतीवाले खोदकामात निघालेली काळी माती ट्रकमध्ये भरून जाऊ देत नाहीत. ठेकेदाराला हे वेड वाटतं.

मग झाडं लावायचीच कशाला? हा प्रश्न अमेरिकेतल्या ओहायोमध्ये नीट तपासून बघितला गेला. ओलेंटँजी नदीकाठी 1994 मध्ये एक-एक हेक्टरची दोन सारखी पाणथळ कुंडं केली, दोन्हींत नदीचं पाणी सारखं सोडलं. एकात झाडं लावली, दुसऱ्यात काहीच लावलं नाही. काही वर्षांत न लावलेलं कुंडही हिरवंगार झालं, पण तिथे मुख्यतः पाणकणसाचंच (उंच, दाट वाढणाऱ्या पाणगवताचं) राज्य होतं. लावलेल्या कुंडात विविधता जास्त टिकली. पाणी धरण्या-गाळण्याच्या कामात मात्र दोघांत फरक कमी होत गेला. माझ्या मते यातून निघणारा व्यवहारी अर्थ असा: पैसे कमी असतील तर ते रोपवाटिकेवर उधळू नका, तळाची उंचसखल रचना नीट करून घ्या. पाणकणीस साधारण मीटरभर पाण्यापर्यंत पसरतं. त्याहून खोल खड्डे आणि चर मधेमधे ठेवले तर तिथे मोकळं पाणी राहतं. एकसारखा सपाट तळ आणि सगळीकडे अर्धा मीटर पाणी, अशी रचना म्हणजे पाणकणसाला निमंत्रणच. नकाशात तळाच्या समपातळी रेषा वेड्यावाकड्या दिसत असतील तर तो नकाशा कुणीतरी विचार करून काढलाय.

किती वर्षं लागतील? पक्षी लवकर येतात, कारण ते उडून येतात. उघड्या चिखलावर आधी शेकाट्या आणि तुतारीसारखे लांब चोचीचे आणि लांब पायांचे पक्षी येतील. त्यांना झाडी नकोच असते. झाडोरा वाढला की हेच पक्षी कमी होतील आणि टिबुकल्या, पाणकोंबड्या वाढतील. तेव्हा ‘पहिल्या वर्षी इतके पक्षी होते, आता कुठे गेले’ अशी ओरड होते. काही बिघडलेलं नसतं, भाडेकरू बदललेले असतात. मातीला मात्र घाई नसते. जगभरातल्या 621 पाणथळींचा आढावा घेणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात नव्या किंवा पुन्हा उभ्या केलेल्या पाणथळी शंभर वर्षांनंतरही जिवांची रचना आणि मातीत साठणारा कर्ब यांबाबत अस्सल पाणथळींच्या सरासरी साधारण पाव हिस्सा मागेच असल्याचं दिसलं. म्हणून ‘इथली जुनी पाणथळ बुजवू, बदल्यात तिकडे नवी करून देऊ’ असा प्रस्ताव समोर आला की मी विरोधात मत देते. नवी करा, जरूर करा, पण जुनीच्या बदल्यात नको.

पाणी खरोखर जिवंत आहे का हे पक्ष्यांवरून ठरवू नका. बगळा गटाराच्या कडेलाही उभा असतो. त्यापेक्षा एक बारीक जाळं आणि एक पांढरी प्लॅस्टिकची थाळी घ्या. काठावरच्या झाडोऱ्यातून जाळं दोन-तीनदा फिरवा, थाळीत उपडं करा आणि मिनिटभर थांबा. आधी काहीच दिसत नाही, मग कचऱ्यातली एक काडी चालायला लागते. ती चतुराची अळी. तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना पापुद्र्यासारखे कल्ले फडफडवणारी बारीक अळी दिसली तर ती मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची. ती असली म्हणजे पाण्यात प्राणवायू ठीकठाक आहे. नुसत्या लाल, वळवळणाऱ्या अळ्याच निघाल्या तर जरा थांबून विचार करा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या प्राणवायू कमी असला तरी तगतात. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या सगळीकडेच दिसतात, पक्षी त्यांच्यासाठीच तर येतात. पण वर्षभरानेही त्याच, आणि सोबत उंदराच्या शेपटीसारखी लांब श्वासनळी असलेल्या मळकट अळ्या, असं असेल तर पाण्यात मैलापाणी येतंय.

आणि हीच शहरी पाणथळीची सगळ्यांत मोठी डोकेदुखी आहे. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारात कुठेतरी वर कुणीतरी सांडपाण्याचा पाइप जोडलेला असतो. कोरड्या दिवसांतही पाणी आत येण्याच्या तोंडातून धार वाहत असेल, तर ती धार कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढची कुठलीही लागवड व्यर्थ आहे. पाणथळ थोडंफार गाळते, हे खरं. तळाच्या प्राणवायूविरहित चिखलातले जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात, आणि हे काम वर्षानुवर्षं चालू राहतं. पण फॉस्फरसचं तसं नाही. तो मातीच्या कणांना चिकटून राहतो आणि कणांवरची जागा संपली की पुढे जायला लागतो. त्यामुळे ‘पाणथळ आहे ना, ती करेल साफ’ असं म्हणून मैलापाणी आत घेणं म्हणजे दहा वर्षांनी हिरव्या शेवाळाचा तलाव मिळवणं.

डासांबद्दल लोक सगळ्यांत आधी विचारतात, म्हणून सविस्तर. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेतही साधारण आठवडा लागतो. जो भाग पूर ओसरल्यावर कोरडा व्हायचा आहे, तो तीन दिवसांत कोरडा झाला तर डासांची पिढी पुरीच होत नाही. जो भाग कायम ओला आहे, तिथे चतुराच्या अळ्या, पाणढेकूण आणि लहान मासे डासांच्या अळ्या खातात. धोका असतो तो या दोन्हींच्या मधल्या जागी: ट्रकच्या चाकांनी पडलेले खड्डे, पाणी उतरल्यावर मागे राहिलेली डबकी, दाट पाणकणसात अडकलेलं, न हलणारं, कुजकट पाणी. मासे तिथे पोचत नाहीत. म्हणून चांगल्या रचनेत उथळ भागातून खोल भागाकडे चर काढलेले असतात. पाणी उतरताना मासेही सुटतात आणि डबकीही राहत नाहीत. तुमच्या पायवाटेवरून पाणी उतरल्यानंतर चौथ्या दिवशी फिरून या आणि सुटी राहिलेली डबकी मोजा. ज्यांना कळवायचं त्यांना फोटो आणि जागा कळवा; अर्ध्या दिवसाच्या कुदळकामाने प्रश्न मिटतो.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास तर पाणथळीत वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला लागतात पिंप, कुंड्यांखालच्या थाळ्या, टायर, गच्चीवरचे डबे. क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, आणि रस्त्याकडेच्या गटारातल्या गाळ बसायच्या खड्ड्यांत तो जितका सापडतो तितका नांदत्या पाणथळीत सापडत नाही. पाणथळीवर सरसकट औषध फवारायला लावणाऱ्यांना हे जरूर सांगा, कारण फवारणीने चतुर आधी मरतात आणि डास आधी परततात.

आता गाळ. तलावात जिथे पाणी शिरतं तिथे एक लहान, खोलगट कुंड वेगळं केलेलं असेल, मधे बुटका बांध असेल. त्याला गाळकुंड म्हणू. रस्त्यावरून धुऊन येणारी वाळू, टायरचा चुरा, तेल, जस्त आणि तांबं यांचा मोठा वाटा पावसाच्या पहिल्या लोंढ्यात असतो, आणि त्यातला जड भाग इथे बसतो. कुंड निम्मं भरलं की उपसायचं, असा साधारण नियम. ते उपसलं नाही तर गाळ पुढे सरकतो, पाणथळीतले खोल चर भरतात, पाणकणीस मधोमध चालत येतं, आणि काही वर्षांत साठवण घटते. हे सगळं इतकं सावकाश होतं की कुणाच्याच कारकिर्दीत ते ‘झालं’ असं होत नाही. गाळकुंडापर्यंत यंत्र जाईल असा पक्का रस्ता आहे का, उपसलेला गाळ निथळायला जागा राखली आहे का आणि तो टाकण्याआधी तपासला जातो का, हे बघा. रस्ता नसेल तर समजा उपसा होणार नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. बांधकामाला पैसे मिळतात, उपशाला मिळत नाहीत. या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे.

पाण्याची पातळी वर्षभर एकच ठेवणंही चुकीचं. नैसर्गिक पाणथळ श्वास घेते: कधी चढते, कधी उतरते, काही वर्षी जवळजवळ आटते. आटलं की तळ तापतो, कुजलेलं जिरतं, बी रुजतं. म्हणून काही वर्षांनी एकदा ठरवून पाणी उतरवतात. तेव्हा पुन्हा चिखल दिसेल आणि पुन्हा कुणीतरी ‘तलाव मेला’ म्हणेल. फक्त ऐन उन्हाळ्यात, कडक उष्म्यात पाणी हळूहळू उतरू देणं टाळायचं. कोमट, प्राणवायू संपलेल्या, मेलेले किडे-मासे पडलेल्या चिखलात बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात आणि पाणपक्षी त्याला बळी पडतात. मान लुळी पडलेली बदकं काठावर दिसली तर हात न लावता लगेच कळवा. मेलेले पक्षी पटकन उचलणं हाच त्यावरचा खरा उपाय, कारण त्यांच्या अंगावरच्या अळ्या खाऊन पुढचे पक्षी मरतात.

लोकांना किती आत येऊ द्यायचं यावर माझं मत ठाम आहे: कडेपर्यंत भरपूर, मध्यात अजिबात नाही. चीनमधल्या हार्बिन शहरात चुन्ली इथली 34 हेक्टरची पाणथळ 2011 च्या सुमारास याच पद्धतीने झाली. भोवती खणून निघालेल्या मातीचे उंचवटे आणि लहान तळ्यांची माळ केली, माणसांसाठी त्यावरून उंच पायवाटा नेल्या, शहराचं पाणी आधी या माळेतून गाळून घेतलं, आणि मधला मोठा भाग हात न लावता सोडून दिला. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात उलट आहे. तिथे काँक्रीटचा नाला फोडून 2012 मध्ये वळणावळणाची नदी केली आणि लोक थेट पाण्यात उतरतात. पण म्हणूनच तिथे पातळी मोजणारी यंत्रं, भोंगे आणि धोक्याचे दिवे बसवावे लागले. तुमच्याकडे लोक पाण्याजवळ जाणार असतील तर काठाचा उतार बघा. पाच फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली, यापेक्षा तीव्र उतार नको. मूल घसरलं तर चालत बाहेर यायला हवं. बांधाच्या अंगावर मोठी झाडं लावायचा आग्रहही धरू नका. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी पाझरतं आणि मातीचा बांध आतून पोखरला जातो. बांधावर गवत, झाडं बांधापासून लांब.

राहिला शेवटचा मुद्दा: मासे, कासवं, कमळं आणून सोडावीत का? लोक प्रेमाने सोडतात, पण नको. कॉमन कार्प जातीचे मासे तळ उकरून रोपं उपटतात आणि पाणी गढूळ करतात. डासांसाठी सोडले जाणारे गॅम्बुझिया मासे बेडकांची अंडी आणि चतुराच्या अळ्याही खातात. पाळून कंटाळा आला म्हणून सोडलेली लाल कानांची कासवं स्थानिक कासवांची जागा घेतात, आणि जलपर्णीबद्दल तर सांगायलाच नको. हे चारही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहेत. नदीचं तोंड उघडं असेल तर स्थानिक मासे पुराबरोबर आपसूक येतात, बेडूक चालत येतात, आणि कमळं लावायचीच असतील तर दुसऱ्या वर्षी, पातळी स्थिरावल्यावर, तिथल्या वनस्पतीतज्ज्ञाला विचारून लावा. पहिल्या वर्षी लावलेली गेली तर पाण्यामुळे गेली, पाणकोंबड्यांनी खाल्ली की मुळात जागाच चुकली, हे कळायला मार्ग नसतो.